कमची, ताव आणि रबर : घरी बनवलेलं विमान कसं उडवायचं

भंडाऱ्यात संक्रांतीच्या आधी पतंगांची दुकानं लागली, की छोटं विमान बनवायला लागणारं निम्मं सामान तिथेच मिळतं : बांबूच्या कमच्या, पतंगाचा पातळ ताव आणि बारीक दोरा. परदेशी पुस्तकांत यासाठी बाल्सा हे अतिशय हलकं लाकूड वापरायला सांगतात. ते मुख्यतः इक्वाडोरमधून येतं, महाग असतं, आणि त्यासाठी मोठ्या शहरातलं दुकान गाठावं लागतं. पहिल्या विमानाला त्याची गरज नाही.

या छंदाची सुरुवातच साध्या सामानातून झाली. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या ट्वीलरी बागेत आल्फोन्स पेनो नावाच्या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारं विमान उडवून दाखवलं. त्याच्या पंखांची लांबी होती सुमारे ४५ सेंटिमीटर आणि वजन अवघं १६ ग्रॅम. ते ११ सेकंद हवेत राहिलं आणि सुमारे ४० मीटर गेलं. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण व्हायला तेव्हा अजून बत्तीस वर्षं होती.

आपण जवळपास याच मापाचं विमान बनवणार आहोत. नवशिक्याचं विमान पडतं तेव्हा तो आधी रबराला किंवा पंख्याला दोष देतो. खरा दोष बहुतेक वेळा तोलात असतो. म्हणून विमान आधी हाताने सोडून नीट तरंगलं पाहिजे, रबराला पीळ त्यानंतर.

पायरी १ : सामान आणि वजन

आठ-दहा सरळ कमच्या, दोन ताव, फेव्हिकॉल, थोडी लई (तांदळाच्या किंवा मैद्याच्या पिठाची खळ), बारीक तार, एक काचेचा मणी, बॉलपेनची रिकामी रिफिल, दह्याचा किंवा आइस्क्रीमचा प्लॅस्टिकचा डबा आणि चांगले रबरबँड. एवढं पुरे.

तयार विमान २० ग्रॅमच्या आत बसवायचं. घरात बारीक काटा नसेल, तर ओळखीच्या सराफाकडे तोलून घ्या. वजन वाढतं ते गोंदाने. सांध्याबाहेर ओघळलेला फेव्हिकॉल मजबुती देत नाही, नुसतं ओझं वाढवतो. काडीच्या टोकाने एक थेंब लावा आणि जास्तीचा लगेच पुसून काढा.

पायरी २ : पंखाचा सांगाडा

पंखाची लांबी ४० सेंटिमीटर आणि रुंदी ८ सेंटिमीटर. लांबीच्या दोन कमच्या सुमारे दोन मिलिमीटर जाडीपर्यंत तासा. तासलेली कमची मध्यावर बोटावर ठेवून पाहा. एक बाजू खाली गेली तर ती आणखी थोडी तासा. दोन्ही बाजू सारख्या असणं हे पातळपणापेक्षा महत्त्वाचं.

या दोन कमच्यांमध्ये पाच आडव्या काड्या बसवायच्या. त्यांना फासळ्या म्हणू. फासळीला वरच्या अंगाला किंचित बाक हवा, म्हणजे पंख वरून फुगीर होतो आणि हवा त्याला जास्त उचलून धरते. बाक देण्यासाठी कमची ओलसर करा, मेणबत्तीच्या ज्योतीवरून सावकाश फिरवा, वाकवा आणि थंड होईपर्यंत तशीच धरा. घाईने सोडली तर ती पुन्हा सरळ होते, आणि ज्योतीत थांबली तर काळी पडून मोडते.

पायरी ३ : पंखाला उचल

आता पंख मधोमध वाकवून दोन्ही टोकं तीन-तीन सेंटिमीटर वर उचला. समोरून पाहिलं तर पंख उथळ ‘व्ही’सारखा दिसला पाहिजे. याला डायहेड्रल, म्हणजे पंखांची वरची उचल, म्हणतात.

तिचं काम असं. झुळुकेने विमान एका अंगावर कललं, की ते त्या बाजूला घसरू लागतं. घसरताना खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून भिडते, तो पंख जास्त उचलला जातो आणि विमान आपोआप सरळ होतं. आत चालक नाही, हातात रिमोट नाही. सगळी सावरासावर या उचलीवर आहे. सपाट पंखाचं विमान एकदा कललं की कलतच जातं.

पायरी ४ : दांडा आणि शेपूट

विमानाचं धड म्हणजे ४० सेंटिमीटरचा एक सरळ, हलका दांडा, साधारण पाच मिलिमीटर जाडीचा. मागच्या टोकाला आडवं शेपूट १५ बाय ५ सेंटिमीटरचं आणि त्यावर उभा पडदा ६ बाय ५ सेंटिमीटरचा. आडवं शेपूट नाकाचं खाली-वर सांभाळतं, उभा पडदा डावं-उजवं.

पंख नाकापासून आठ सेंटिमीटर मागे बसवा, पण चिकटवू नका. रबरबँडने बांधा. पुढे तोल साधताना तो सरकवावा लागेल, शिवाय धडक बसली तर पंख मोडण्याऐवजी निसटतो. पंखाच्या पुढच्या कडेखाली तीन मिलिमीटरची चीप द्या, म्हणजे शेपटीच्या मानाने पंखाचं तोंड किंचित वर राहील.

पायरी ५ : ताव लावणं

ताव लावायला लई चांगली. फेव्हिकॉलच्या ओलीने पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. ताव फक्त वरच्या बाजूने लावा, आधी मधल्या फासळीवर, मग टोकांकडे.

इथेच सर्वांत जास्त विमानं बिघडतात. लई वाळताना कागद आक्रसतो आणि सांगाड्याला पीळ देतो. म्हणून वाळेपर्यंत पंखाची एकेक बाजू पाटावर टाचण्यांनी दाबून ठेवा. वाळल्यावर पंख डोळ्यासमोर धरून मागून पाहा. एका टोकाची मागची कड खाली आणि दुसऱ्याची वर दिसली, तर पीळ आहे. किटलीच्या वाफेवर ती बाजू धरा, उलट दिशेने हलकेच पिळा आणि थंड होऊ द्या. हा पीळ तसाच ठेवून उडवलेलं विमान गिरक्या घेतच खाली येतं.

पायरी ६ : पंखा आणि रबर

प्लॅस्टिकच्या गोल डब्याची बाजू मुळातच वाकलेली असते. तिच्यावर, डब्याच्या उभ्या रेषेपासून सुमारे १५ अंश तिरपी, पात्याची आकृती काढून कापली की पात्याला हवा तो पीळ आयता मिळतो. अशी दोन पाती एका छोट्या काडीवर बसवून १५ सेंटिमीटरचा पंखा करा. दोन्ही पाती एकाच दिशेने तिरपी करा. एक उलटी बसली तर पंखा फिरतो, पण विमान पुढे जात नाही.

पंख्याची तार रिफिलच्या तुकड्यातून ओवा आणि हा तुकडा दांड्याच्या पुढच्या टोकाला घट्ट बांधा. पंखा आणि रिफिल यांच्यामध्ये मणी घाला. पिळलेलं रबर पंख्याला मागे ओढत असतं. मणी नसेल तर बराच जोर घासण्यातच जातो.

रबर दांड्याखाली दोन आकड्यांत अडकवायचं : पुढचा पंख्याच्या तारेचंच टोक वाकवून केलेला, मागचा दांड्याला बांधलेल्या तारेचा. दोन आकड्यांत २५ सेंटिमीटर अंतर असेल तर रबराचं वेढं थोडं सैलच असू द्या. रबराला ग्लिसरीन-साबणाचं पाणी किंवा एरंडेल चोळलं की पीळ सहज बसतो. शिलाई यंत्राचं तेल किंवा रॉकेल मात्र कधीच लावू नका. त्याने रबर फुगून सडतं.

पायरी ७ : तोल

पंखा, रबर, सगळं जागेवर ठेवूनच तोल पाहायचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून पावणेतीन सेंटिमीटर मागे, दांड्याच्या दोन्ही बाजूंना, पंखाखाली दोन बोटं धरा. विमान आडवं, नाक किंचित खाली, असं राहिलं पाहिजे. या जागेला गुरुत्वमध्य म्हणतात, म्हणजे जिथे सगळं वजन एकवटल्यासारखं वागतं ती जागा.

शेपूट खाली झुकलं तर पंख थोडा मागे सरकवा. नाक फारच खाली गेलं तर पुढे. कन्नी खाणाऱ्या पतंगाला आपण हलक्या बाजूला चिंधी बांधतो. तसंच डावा-उजवा तोल बिघडला असेल, तर हलक्या पंखाच्या टोकाला मातीची छोटी गोळी चिकटवा.

पायरी ८ : हाताने सोडून पाहणं

जागा आणि वेळ दोन्ही निवडून घ्या. धान कापून झालं की आपल्याकडच्या बांध्या मोकळ्या होतात. नोव्हेंबरपासून पुढचा काळ चांगला. पण कालव्याचं पाणी असलेल्या भागात उन्हाळी धान लागतं, तेव्हा शेतमालकाला विचारूनच उतरा. धसकटं विमानाचा कागद फाडतात, म्हणून गवताची पडीक जागा किंवा तणस पसरलेलं खळं जास्त बरं. वेळ सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासाची, पान हलत नसताना.

विमान तोलाच्या जागेमागे धरा, खांद्याच्या उंचीवर आणा, दहा-बारा पावलांवरच्या जमिनीवर नजर ठेवा आणि सरळ पुढे ढकलून सोडा. दगडासारखं भिरकावू नका आणि आकाशाकडे तर मुळीच सोडू नका. चांगलं विमान सहा-सात मीटर घसरत जाऊन पोटावर टेकतं.

ते वर उठून थबकलं आणि मग नाकावर आपटलं, तर त्याला स्टॉल म्हणतात. पंखाचं तोंड फार वर गेलं की वरून वाहणारी हवा पंखाला सोडते आणि उचल एकदम संपते. अशा वेळी पंख दोन मिलिमीटर मागे सरकवा, किंवा नाकाला चिमूटभर माती लावा. उलट ते सरळ जमिनीत घुसत असेल, तर आधी तोल पुन्हा मोजा. तोल बरोबर असेल तर शेपटीची मागची कड किंचित वर वाकवा.

एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले, तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, ते कधीच कळत नाही.

पायरी ९ : रबराला पीळ

तरंगणं जमलं की पहिल्यांदा फक्त साठ पीळ द्या. मग शंभर, मग दीडशे. आता एक नियम पक्का लक्षात ठेवा : तरंगतानाचा दोष पंख आणि शेपटीवर दुरुस्त करायचा, रबराच्या जोरावर उडतानाचा दोष पंख्याच्या अक्षावर.

मागून पाहता पंखा उजवीकडे फिरत असेल, तर त्याच्या प्रतिक्रियेने विमान डावीकडे कलतं. अशा वेळी रिफिलचा तुकडा असा वळवा, की पंख्याचं तोंड दोन-तीन अंश उजवीकडे होईल. रबराच्या जोरावर विमान वर तोंड करून थबकत असेल, तर पंख्याचं तोंड तेवढंच खाली करा. इथे लोक शेपटीला हात लावतात, आणि आधी साधलेलं तरंगणंही घालवून बसतात.

दोनशे पिळांवर पंधरा-वीस सेकंदांचं उड्डाण मिळालं, तर आपण पेनोच्या पुढे गेलात.

पायरी १० : विमान हरवू नये म्हणून

दहा वाजल्यानंतर तापलेल्या शेतांवरून गरम हवेचे झोत वर चढू लागतात. त्यांना थर्मल म्हणतात. घारी पंख न हलवता गोल फिरत वर जाताना दिसल्या, की तिथे थर्मल आहे असं समजा. २० ग्रॅमचं विमान त्यात सापडलं तर रबराचा पीळ संपल्यावरही वरच जात राहतं. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मामा (माजी मालगुजारी) तलाव किंवा बोडी, म्हणजे छोटं तळं, वाऱ्याच्या दिशेला असेल, तर तिथून उडवू नका. पंखावर आपला फोन नंबर लिहून ठेवा.

यानंतर रिमोटचं विमान

नागपूरला एनसीसीच्या हवाई शाखेची तुकडी आहे, आणि या शाखेच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंग, म्हणजे छोटी विमानं बनवणं आणि उडवणं, हा विषय असतो. कॉलेजातल्या मुलांना तिथे अनुभवी माणसांचा हात मिळतो.

रिमोटचं विमान घेणार असाल, तर आधी नियम समजून घ्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांत छंदाची विमानंही येतात. ती डोळ्यांना दिसत राहतील एवढ्याच अंतरात उडवायची असतात. ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे हवाई क्षेत्राचे भाग दाखवलेले असतात, हिरव्या भागात सर्वसाधारण मर्यादा १२० मीटर उंचीची आहे. नकाशा पाहिल्याशिवाय उडवू नका. जवाहरनगरचा आयुध कारखाना आणि कोका अभयारण्य यांच्या आसपास तर विमान काढूच नका.

रिमोटवर नवशिक्याची पहिली फजिती विमान परत येताना होते. ते आपल्याकडे तोंड करून आलं, की डावं-उजवं उलटं होतं आणि सावरायला दिलेला इशारा विमानाला आणखी कलवतो. त्यासाठी सोपा उपाय आहे : समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, रिमोटची दांडी त्याच बाजूला न्या. विमान सरळ होईल.