आधी माल, मग यादी

सकाळी ८:३०
लॅब उघडण्याआधी सर्व्हरच्या खोलीत डोकावते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजांचं मुख्य भांडार दिवसातून चार वेळा ताजं होतं. त्यातली एक फेरी जगभरचे मिरर, म्हणजे भांडाराची नक्कल ठेवणारे सर्व्हर, जागतिक वेळेनुसार पहाटे तीनला, म्हणजे आपल्याकडे साडेआठला, उचलायला लागतात. आमच्या कॉलेजचा मिरर त्यातलाच एक, छोटा. साठ संगणक त्याच्यावरूनच पॅकेजं घेतात.

लॉगमध्ये मी एकच गोष्ट पाहते, ती म्हणजे क्रम. आधी नवी पॅकेजं उतरतात, मग याद्या बदलतात, आणि जुनी पॅकेजं सगळ्यात शेवटी पुसली जातात. दुकानात माल यायच्या आधीच भावफलक लावला तर गिऱ्हाईक रिकाम्या पिशवीने परत जाईल, तसंच हे. मी पूर्वी आरसिंक या फाइलींची नक्कल करणाऱ्या साध्या कमांडवर भागवायची. तेव्हा मुलांना यादीत दिसणारं पॅकेज मिळायचं नाही, आणि कारण शोधण्यात माझी अख्खी दुपार जायची.

१०:१०
“मॅडम, सतरा नंबरवर अपडेट होत नाही. तपासणी बंद करायची कमांड मिळालीय, टाकू?”
“थांब. आधी एरर वाच बरं.”
रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, असं अॅप्ट, म्हणजे डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन, सांगत होतं. मदरबोर्डवरचा बटणसेल संपला होता आणि यंत्राचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. त्या यंत्राच्या दृष्टीने आजची फाइल भविष्यातली. सेल बदलला, वेळ लावली, काम झालं.

त्याला तिथेच बसवून साखळी दाखवली. स्वाक्षरी एकाच लहानशा फाइलवर, म्हणजे त्या रिलीज फाइलवर, असते. त्या फाइलीत याद्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठसे, आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश. मधल्या मिररने, म्हणजे अगदी मीसुद्धा, एक बाइट बदलला तरी अॅप्ट नकार देईल. माझ्यावर विश्वास ठेवायची कुणाला गरज पडू नये, ही रचना मला मनापासून आवडते.

१२:३०
एका प्रकल्पासाठी बाहेरची रिपॉझिटरी जोडायची आहे. तिची किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवली आणि ‘साइन्ड-बाय’ लिहून त्या एकाच रिपॉझिटरीला बांधली. प्राधान्य १०० दिलं. डेबियनचं नेहमीचं प्राधान्य ५००, त्यामुळे बाहेरचं पॅकेज आपणहून डेबियनच्या पॅकेजाला हटवणार नाही. एके वर्षी हे न करता मी अशीच एक रिपॉझिटरी जोडली होती. तिने एक लायब्ररी बदलली आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री मी यंत्रं पुन्हा उभी करत बसले होते.

२:३०
दुपारची फेरी. डिस्कवर जागा आहे. डबा उघडते.

४:००
सुरक्षेचे अपडेट आधी एका यंत्रावर, उद्या सगळीकडे. मुलं विचारतात, सगळ्यात नवं का नाही देत? मी त्यांना २०२४ सालचा मार्च सांगते. एसएसएचने लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या एवढ्याशा शंकेचा माग काढताना विकसक आंद्रेस फ्रॉइंड यांना ‘एक्सझेड’ या फाइली आवळणाऱ्या साधनात लपवलेलं चोरदार सापडलं. ती आवृत्ती डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांत पोचली होती, स्टेबलमध्ये नव्हती. तिथली स्वाक्षरी अगदी बरोबर होती, हे मी मुद्दाम सांगते. पॅकेज कुणी दिलं ते स्वाक्षरीवरून कळतं. आत काय आहे, ते माणसालाच वाचावं लागतं, आणि वाचायला वेळ लागतो.

५:२०
पहिल्या वर्षाची एक मुलगी दारात घुटमळत होती. लिबरऑफिस मराठीत मिळेल का? ‘लिबरऑफिस-एल१०एन-एमआर’ हे नाव मी फळ्यावर लिहिलं, कमांड तिलाच टाइप करू दिली. पॅकेज आमच्याच मिररवरून क्षणात उतरलं. मेन्यू मराठीत आला तशी तिने शेजारणीला हाक मारली, आणि मी आणखी दोन यंत्रांचे नंबर वहीत टिपून घेतले.