धो धो पाऊस, मूठभर बी आणि परातभर धिंगरी

जून लागला की घाटमाथ्यावर कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही आणि डब्यातले पापड सादळतात. महाबळेश्वर, आंबोली या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. माणसं या ओलीला कंटाळतात, धिंगरी आळिंबी, म्हणजेच ऑयस्टर मशरूम, मात्र तिच्यावरच पोसते. सपाटीवरच्या शेतकऱ्याला ८० ते ९० टक्के आर्द्रतेसाठी गोणपाट भिजवावं लागतं, फवारे लावावे लागतात. इथे ती आयती मिळते. घरामागे एखादी रिकामी खोली असेल आणि डोक्यात आळिंबीचा विचार घोळत असेल, तर आधी या गोष्टी वाचा. काही चक्रावून टाकतील, काही खर्च वाचवतील.

१. भाजीच्या टोपलीत असते, पण वनस्पती नाही
आळिंबी ही बुरशी. उत्क्रांतीच्या वंशावळीत बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जास्त जवळची आहे. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं. कोळंबी आणि खेकड्याच्या कवचातही हेच द्रव्य असतं.

२. ना शेत, ना नांगर
हरितद्रव्य नसल्यामुळे आळिंबीला उन्हातून अन्न तयार करता येत नाही. धिंगरी पेंढ्यातलं सेल्युलोज आणि चिवट लिग्निन विरघळवून खाते. भाताचा पेंढा, गव्हाचं काड, सोयाबीनचं कुटार, यातलं काहीही तिला चालतं. गुंठाभर जमीन नसलेल्या माणसालाही ही शेती करता येते.

३. शांत दिसते, पण शिकार करते
पेंढ्यात नायट्रोजन फार कमी. ती तूट भरून काढायला धिंगरीचे तंतू सूक्ष्म सूत्रकृमींना विष सोडून लुळं पाडतात आणि त्यांच्या शरीरात शिरून त्यांना पचवतात. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये हे जगासमोर मांडलं.

४. बी म्हणजे चक्क ज्वारी
आळिंबीचं बियाणं, म्हणजे स्पॉन, ज्वारी किंवा गव्हाच्या दाण्यांवर तयार होतं. दाणे अर्धवट शिजवून निर्जंतुक करतात आणि त्यावर बुरशी वाढवतात. धान्यावर स्पॉन वाढवण्याचं पेटंट अमेरिकेत जेम्स सिंडेन यांनी १९३२ मध्ये घेतलं. पाकीट घेताना ते उजेडात धरून बघा. पांढरेशुभ्र तंतू दाण्यांना घट्ट लपेटलेले हवेत. हिरवा-काळा ठिपका किंवा आंबूस वास असेल, तर पाकीट तिथेच परत करा.

५. म्हैसूर ते सोलन
भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवण्याचं भारतातलं पायाभूत काम म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झालं. झकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी ते १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. हिमाचलातल्या सोलनमध्ये १९८३ साली राष्ट्रीय आळिंबी संशोधन केंद्र सुरू झालं आणि १९९७ मध्ये या डोंगरी गावाला ‘मशरूम सिटी’ म्हणून मान मिळाला.

६. बटण नको, धिंगरीच बरी
बटण मशरूमला १४ ते १८ अंश तापमान लागतं आणि त्याचं कंपोस्ट तयार व्हायला आठवडे जातात. धिंगरी २० ते ३० अंशांत, साध्या भिजवलेल्या काडावर येते. थंडीत पारा उतरला की पांढरी फ्लोरिडा जात घ्यावी. उकाड्याच्या दिवसांत गुलाबी धिंगरी साथ देते. हवामान बघून जात बदलली, तर एसीवर पैसा घालावा लागत नाही.

७. पाऊस आळिंबीचा मित्र, पेंढ्याचा वैरी
डोंगरातल्या नवख्या माणसाचा घात इथेच होतो. पावसात भिजून काळा पडलेला पेंढा आधीच दुसऱ्या बुरश्यांनी व्यापलेला असतो, त्यावर धिंगरीला जागा उरत नाही. म्हणून भातकापणी-मळणीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरातच यंदाचा सोनेरी, कडकडीत वाळलेला पेंढा घ्या आणि माळ्यावर रचून झाकून ठेवा. आर्द्रता फुकट मिळेल, पण कोरडा पेंढा मिळणार नाही.

८. मुठीची परीक्षा
पेंढ्याचे तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करा, पोत्यात भरून रात्रभर थंड पाण्यात भिजवा. मग ८० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर बुडवा, म्हणजे नको त्या बुरश्या मरतात. पोतं टांगून पाणी निथळू द्या. आता मूठभर काड हातात घेऊन घट्ट आवळा. बोटांतून थेंब गळले तर काड फार ओलं आहे, अजून निथळू द्या. तळहाताला नुसती ओल लागली, पण थेंब पडला नाही, तर ६५ ते ७० टक्के ओलावा बरोबर जमला. घाटमाथ्यावर काड निथळायला वेळ लागतो. तिथे घाई केली की पिशवीत पाणी साचतं आणि काड कुजतं.

९. तीन आठवड्यांचा अंधार
एक किलो कोरडा पेंढा भिजून साधारण तीन किलो होतो. ओल्या वजनाच्या दोन-तीन टक्के बी थराथराने टाकत पिशवी दाबून भरायची, तोंड बांधायचं, चारी बाजूंनी बारीक छिद्रं पाडायची आणि अंधाऱ्या खोलीत ठेवायची. पंधरा-वीस दिवसांत आतलं काड पांढरंफेक होतं आणि त्याचा घट्ट ठोकळा बनतो. तोपर्यंत सारखी पिशवी उघडून बघायचा मोह आवरा. नंतर प्लास्टिक काढायचं, अंधुक उजेड आणि मोकळी हवा द्यायची. मग काही दिवसांतच पिनहेड म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे कोंब फुटतात.

१०. काय हवं ते छत्रीच सांगते
देठ लांबुडके आणि छत्री इवलीशी असेल, तर खोलीत कार्बन डायऑक्साइड कोंडला आहे, खिडकी उघडा. कडा सुकून चिरल्या, तर ओल कमी पडते आहे. छत्री पिवळसर, चिकट झाली, तर पाणी अंगावर साचलं आहे आणि जिवाणूंनी हल्ला केला आहे. भर पावसाळ्यात घाटावर हा तिसरा त्रास सर्वांत जास्त. अशा दिवसांत फवारा बाजूला ठेवा आणि समोरासमोरच्या जाळीच्या खिडक्यांतून वारा खेळू द्या. कोवळ्या कोंबांवर थेट पाणी मारू नका.

११. अंगचा कूलर
आळिंबी आपल्या अंगातून पाण्याची वाफ सोडते आणि आसपासच्या हवेपेक्षा थंड राहते. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात धिंगरीसह अनेक जातींत हे मोजून दाखवलं आहे.

१२. धूर नव्हे, बीजाणू
पूर्ण उमललेली छत्री धुरासारखे कोट्यवधी बीजाणू उधळते. बंद खोलीत ते रोज श्वासात गेले तर खोकला, ताप, दम लागणं असा त्रास होतो. म्हणून छत्रीची कड सपाट होऊन वर वळायच्या आतच काढणी करा, मास्क लावा आणि आत जाण्याआधी खोली वाऱ्याला मोकळी सोडा. दम्याच्या रुग्णाला या कामापासून लांबच ठेवा.

१३. हिरवा डाग दिसला? पिशवी बाहेर!
ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी शेतात पिकांची राखण करते, आळिंबीच्या खोलीत मात्र ती शत्रू ठरते. डाग पसरलेली पिशवी न उघडता लांब नेऊन पुरा. काळ्या छत्र्या उगवल्या, तर काड जास्त ओलं राहिलं असं समजा. खिडक्यांना माशा अडतील अशी बारीक जाळी हवी आणि आत शिरण्याआधी हात-पाय धुतलेलेच हवेत.

१४. काढणीनंतर ऊन दाखवा
आळिंबीत अर्गोस्टेरॉल असतं. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याचं ड जीवनसत्त्व बनतं. उन्हाच्या दिवशी चिरलेली आळिंबी थोडा वेळ उन्हात ठेवली की पोषण वाढतं.

१५. किलोचे शंभर ग्रॅम
ताज्या आळिंबीत नव्वद टक्के पाणी असतं, त्यामुळे एक किलो वाळवली की जेमतेम शंभर ग्रॅम उरते. ताजी आळिंबी बाहेर एक-दोन दिवसांत मलूल होते. पावसाळ्यात डोंगरात ऊन नसतं, म्हणून ड्रायर नसेल तर ताज्या विक्रीची सोय आधी करा. पर्यटनाच्या गावी हॉटेलं हाकेच्या अंतरावर असतात. पिशव्या भरण्यापूर्वी दोन-तीन स्वयंपाकघरांशी बोलून ठेवा आणि एकदम सगळ्या न भरता दर आठवड्याला थोड्या थोड्या भरा, म्हणजे माल सतत निघेल.

१६. आपल्या आधीचे शेतकरी
आफ्रिकेत काही वाळव्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीपासून वारुळात बुरशीची शेती करत आल्या आहेत. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी चविष्ट रानआळिंबी याच कुळातली. गोव्यात तिच्यावर लोकांचा जीव. भीमाशंकरच्या जंगलात तर पावसाळी रात्री लाकडावरची बुरशी हिरवट उजेड देते. पण रानातली अनोळखी छत्री खाऊ नका. चांदीचं नाणं, लसूण, हळद यांनी विषारी आळिंबी ओळखता येते ही समजूत साफ खोटी आहे आणि तिने जीव गेले आहेत.

१७. उरलेलंही वाया जात नाही
तीन तोडे झाले की उरलेलं काड गांडूळखताच्या वाफ्यात घाला. अर्धं काम बुरशीने आधीच केलेलं असतं.

मग सुरुवात कशी करायची?
दहा पिशव्यांनी. शंभर नकोत, दहाच. एक किलो कोरड्या पेंढ्यामागे अर्धा ते एक किलो ताजी आळिंबी मिळते. म्हणजे किलोभर कोरड्या पेंढ्याच्या दहा पिशव्यांतून दीड-दोन महिन्यांत पाच ते दहा किलो. एवढ्या मालात तुमच्या खोलीतली हवा, गावातलं गिऱ्हाईक आणि तुमचा स्वतःचा हात, तिन्हींची पारख होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आळिंबी संशोधनाचं केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्रांतही प्रशिक्षणं होतात. ती आधी करा, मगच बी आणा. घाटमाथ्यावर ओल निसर्ग पुरवतो. स्वच्छता आणि खेळती हवा तुम्ही सांभाळलीत, तर या शेतीला दुसरं मोठं भांडवल लागत नाही. यंदाचा पेंढा कोरडा ठेवा आणि कामाला लागा.