महासाथ, पर्यटन आणि पूर्वपदावर येण्याची किंमत : आमेरचा अनुभव

मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात राजस्थानात कोविड-१९ चा पहिला रुग्ण आढळला. तो इटलीहून आलेल्या पर्यटकांच्या एका गटातील होता आणि त्याच्यावर जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात उपचार करण्यात आले. ज्या वाटेने या प्रदेशात अनेक दशके रोजगार येत होता, त्याच वाटेने रोगही आला. त्यामुळे जयपूर आणि त्याच्या उशाशी असलेले आमेर यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न केवळ आरोग्याचा नव्हता. पर्यटक येणे हाच धोका आणि पर्यटक न येणे हाही धोका, असे त्याचे दुहेरी स्वरूप होते.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील स्मारके १७ मार्च २०२० पासून बंद झाली. आमेरचा किल्ला या सर्वेक्षणाकडे नसून राजस्थान शासनाच्या पुरातत्त्व व संग्रहालय विभागाकडे आहे. युनेस्कोने २०१३ मध्ये ‘राजस्थानचे डोंगरी किल्ले’ म्हणून ज्या सहा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांपैकी तो एक होय. त्याच सुमारास राज्य शासनानेही आपली स्मारके बंद केली आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. तिचा मुख्य कायदेशीर आधार आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा होता, तर राज्यांनी साथरोग अधिनियम, १८९७ चाही वापर केला. मुंबईत १८९६ मध्ये आलेल्या प्लेगच्या साथीतून हा दुसरा कायदा जन्मास आला, हे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बंद करण्याचा निर्णय एका आदेशाने अमलात येतो. उघडण्याचे तसे नसते. आमेरचे उदाहरण याच दृष्टीने अभ्यसनीय आहे.

विनामूल्य प्रवेश आणि ओस अंगण

जून २०२० च्या प्रारंभी राजस्थानातील स्मारके टप्प्याटप्प्याने खुली करण्यात आली. आठवड्यातील मोजके दिवस, शरीराच्या तापमानाची तपासणी, मुखपट्टीची सक्ती आणि सुरुवातीच्या काळात प्रवेश विनामूल्य, असे त्या आरंभाचे स्वरूप होते. मागणी घटली की किंमत कमी करावी, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा शासनाने येथे गिरवला असे म्हणता येईल. परंतु तिकीट माफ झाले म्हणून जलेब चौक भरून गेला नाही.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. किल्ला पाहण्यासाठी पर्यटक जी किंमत मोजतो, तिच्यात तिकिटाचा वाटा अल्प असतो. प्रवासखर्च, निवास, वेळ आणि साथीच्या काळात संसर्गाचे भय, या सर्वांची बेरीज म्हणजे त्याच्या दृष्टीने खरी किंमत. भयाचा घटक जेव्हा इतर सर्व घटकांवर मात करतो, तेव्हा तिकिटातील सवलतीने मागणी हलत नाही. दाराच्या आत प्रवेशशुल्क शून्य असले, तरी दारापर्यंत पोहोचण्याची किंमत अफाट वाढलेली असते. शिवाय तेव्हा रेल्वेगाड्या मोजक्याच धावत होत्या आणि आंतरराष्ट्रीय नियमित विमानसेवा पूर्णपणे बंद होती.

अमेरिकेतील अनुभवही असाच आहे. शिकागो विद्यापीठातील ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दुकाने व सेवाकेंद्रे यांतील ग्राहकांच्या वर्दळीचा अभ्यास केला. वर्दळ सुमारे ६० टक्के अंशांनी घटली होती, परंतु त्यांपैकी अवघे ७ टक्के अंश शासकीय निर्बंधांमुळे घटले असल्याचे त्यांना आढळले. उरलेली घट लोकांनी स्वतःहून घराबाहेर न पडण्याचे ठरविल्यामुळे झाली होती. तेव्हा ‘निर्बंध उठवा, अर्थचक्र आपोआप फिरेल’ आणि ‘निर्बंधांमुळेच अर्थचक्र थांबले’ ही दोन्ही विधाने अपुरी ठरतात. आपल्याकडील टाळेबंदी अमेरिकेहून कितीतरी कठोर असल्याने हे प्रमाण येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तथापि, विश्वास ही शासकीय आदेशाने पुरवता न येणारी वस्तू आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

गर्दीवर मर्यादा कशासाठी?

विश्वासाची उणीव असताना शासनाने मर्यादा तरी कशाला घालावी, लोक आपापला धोका ओळखून वागतील, असा एक युक्तिवाद त्या काळात केला जात असे. तो सदोष आहे. गणेश पोळ ओलांडून शीशमहालापुढे उभा राहणारा पर्यटक स्वतःच्या संसर्गाचा हिशेब मांडतो. त्याच्यामुळे शेजारच्या वृद्धाला, तिकीट तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला किंवा परतीच्या वाटेवरील रिक्षाचालकाला होऊ शकणारा संसर्ग त्याच्या हिशेबात येत नाही. अशा परिणामास अर्थशास्त्रात ‘बाह्यता’ म्हणतात. कारखान्याच्या धुराचे उदाहरण पाठ्यपुस्तकांत नेहमी दिले जाते. साथीच्या काळातील गर्दी हे त्याचेच दुसरे रूप होय.

बाह्यतेवर दोन उपाय संभवतात : किंमत वाढवणे किंवा संख्येवर मर्यादा घालणे. राष्ट्रीय वारसा केवळ श्रीमंतांसाठी खुला ठेवणे लोकशाही शासनास शोभणारे नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी दुसरा मार्ग स्वीकारला गेला. ताजमहाल २१ सप्टेंबर २०२० रोजी उघडला तो दिवसाला ५,००० पर्यटकांच्या मर्यादेसह. दुसऱ्या लाटेत केंद्रीय स्मारके १६ एप्रिल २०२१ पासून पुन्हा बंद झाली आणि १६ जून रोजी उघडली, तेव्हा ताजच्या आवारात एका वेळी ६५० व्यक्तींनाच प्रवेश होता. मनोरंजन उद्यानांना केंद्राने १५ ऑक्टोबर २०२० पासून परवानगी दिली. प्रतिबंधित क्षेत्रांबाहेरील उद्यानांपुरती ती होती आणि तिच्यासोबत आरोग्य मंत्रालयाची कार्यपद्धती होती.

मर्यादेचा भार कोणावर?

येथे मनोरंजन उद्यान आणि आमेरसारखे वारसास्थळ यांतील एक मूलभूत भेद पुढे येतो. माझ्या मते संपूर्ण विषयाचे मर्म त्यातच आहे.

शांघाय येथील डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० रोजी बंद झाले आणि ११ मे रोजी उघडले. चीन शासनाने क्षमतेच्या ३० टक्के मर्यादा घातली होती. कंपनीने प्रारंभी त्याहूनही कमी लोकांना प्रवेश दिला. पुढे ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी तेथे येऊन गेलेली एक व्यक्ती बाधित आढळल्याने उद्यानातील सुमारे ३४ हजार लोकांची जागेवरच चाचणी करून मगच त्यांना बाहेर सोडण्यात आले. ही कठोरता कितपत योग्य, हा वेगळा प्रश्न आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की उद्यानातील पाळणे, उपाहारगृह, निवास व भेटवस्तूंचे दुकान या सर्वांची मिळकत प्रामुख्याने एकाच उद्योगाच्या तिजोरीत जमा होते. गर्दी कमी केल्याचा तोटा ज्याला सोसावा लागतो, त्यालाच उद्यान सुरक्षित असल्याच्या लौकिकाचा लाभही मिळतो. शिवाय अशा कंपनीस भांडवल बाजारातून कर्ज उभारता येते आणि एक-दोन वर्षांचा तोटा पचवता येतो.

आमेरचे तसे नाही. तिकिटाची रक्कम शासनाकडे जाते. परंतु किल्ल्याची अर्थव्यवस्था तिकिटाच्या खिडकीबाहेर पसरलेली आहे. मार्गदर्शक, जीपचालक, मावठ्याच्या काठावरचे छायाचित्रकार, कठपुतळ्या आणि लाखेच्या बांगड्या विकणारे, चहावाले, यांपैकी कोणाचाही तिकिटात वाटा नाही आणि प्रत्येकाचे उत्पन्न आत येणाऱ्या डोक्यांच्या संख्येवर अवलंबून आहे. शासनाने प्रवेशाची संख्या निम्मी केली, तर शासनाचा महसूल निम्मा होतो, पण शासन चालू राहते. बाहेरच्या फेरीवाल्याची चूल मात्र थंडावते. सावधगिरीचा लाभ साऱ्या समाजाला आणि तिची किंमत मोजक्या दुर्बळांना, अशी ही विभागणी आहे.

हत्तींचे उदाहरण याहून बोलके आहे. सूरज पोळातून पर्यटकांना वर नेणारे हत्ती हे आमेरचे वैशिष्ट्य. त्यांच्यासाठी जवळच ‘हाथीगाव’ वसविण्यात आले आहे. जीप उभी ठेवली तर इंधन लागत नाही. हत्ती मात्र उभा राहिला तरी खातोच. उत्पादन शून्य झाले तरी न टळणारा तो स्थिर खर्च आणि उत्पादनाबरोबर कमी-अधिक होणारा तो बदलता खर्च, हा भेद विद्यार्थी व्याख्येतून पाठ करतात. महिनोन्‌महिने सवारी बंद असताना चाऱ्याची तजवीज करणाऱ्या माहुतांना तो व्याख्येवाचून कळला. हत्तीच्या सवारीवर प्राणिहिताच्या दृष्टीने घेतले जाणारे आक्षेप मी गौण मानत नाही; परंतु सवारी बंद करायची असेल तर हत्ती पोसायचा कोणी, या प्रश्नाचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनीही द्यावयास हवे.

या वर्गाच्या हानीचा अंदाज राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने पर्यटन मंत्रालयासाठी केलेल्या अभ्यासात मिळतो. पर्यटनक्षेत्रात २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत १ कोटी ४५ लाख, दुसऱ्या तिमाहीत ५२ लाख आणि तिसऱ्या तिमाहीत १८ लाख रोजगार बुडाल्याचे या परिषदेचे अनुमान आहे.

मदत आणि तिची पोहोच

केंद्र शासनाने २८ जून २०२१ रोजी जाहीर केलेल्या उपायांत मान्यताप्राप्त पर्यटक मार्गदर्शकांसाठी एक लाख रुपयांपर्यंत आणि पर्यटन व्यावसायिकांसाठी दहा लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास शंभर टक्के हमी देण्यात आली. १०,७०० मार्गदर्शक आणि शेकडो व्यावसायिक यांना तिचा लाभ अपेक्षित होता. पहिल्या पाच लाख पर्यटक व्हिसांचे शुल्कही माफ करण्यात आले. त्यापूर्वी जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून शहरी फेरीवाल्यांना दहा हजार रुपयांचे खेळते भांडवल तारणाविना उपलब्ध झाले होते.

या योजनांचे महत्त्व कमी लेखू नये. तरीही दोन मर्यादा नोंदवणे भाग आहे. पहिली नोंदणीची. ज्याच्याकडे परवाना आहे तोच शासनाच्या यादीत असतो. हंगामात कठपुतळ्या विकून उरलेले वर्ष अन्य मजुरी करणारा कोणत्याच यादीत नीट बसत नाही. दुसरी मर्यादा कर्जाच्या स्वरूपाची. धंदा चालू असून खेळते भांडवल अपुरे पडते, तेव्हा कर्ज उपयुक्त ठरते. परंतु ग्राहकच नसेल, तर कर्ज म्हणजे आजचा तोटा उद्याच्या उत्पन्नावर टाकणे होय. समाजाच्या रक्षणासाठी एखाद्याचा व्यवसाय थांबवला जात असेल, तर त्याची भरपाई काही अंशी तरी अनुदानरूपाने व्हावी, असे माझे मत आहे.

कोण परतले, कोण नाही

राजस्थानात २०१९ मध्ये देशांतर्गत पर्यटकांच्या सुमारे ५ कोटी २२ लाख आणि विदेशी पर्यटकांच्या सुमारे १६ लाख भेटी नोंदल्या गेल्या होत्या. २०२१ मध्ये देशांतर्गत भेटी सुमारे २ कोटी २० लाखांवर आल्या. विदेशी भेटी मात्र अवघ्या ३५ हजारांच्या आसपास उरल्या. २०२२ मध्ये देशांतर्गत आकडा १० कोटी ८० लाखांपलीकडे गेला. यात यात्रेकरूंचे प्रमाण मोठे आहे आणि ही गणना व्यक्तींची नसून भेटींची आहे, याचे भान ठेवूनच तुलना करावी.

घरचे पर्यटक आधी परतले, पण ते परतण्याची तऱ्हा निराळी होती. दूरचा प्रवास टाळून शहरालगतच्या मोकळ्या, विनातिकीट जागांकडे लोकांचा ओढा वाढला. ११ जुलै २०२१ च्या सायंकाळी, दुसरी लाट ओसरत असताना, आमेर किल्ल्यासमोरील डोंगरावरच्या टेहळणी बुरुजावर पावसाची मजा घेण्यासाठी जमलेल्या लोकांवर वीज कोसळली आणि किमान ११ जणांचा मृत्यू झाला. तेथे ना तिकीट होते, ना संख्येची मर्यादा, ना हवामानाचा इशारा देणारा कर्मचारी. स्मारकाच्या दारावर तापमापक घेऊन उभी असलेली यंत्रणा समोरच्या टेकडीवर नव्हती. एका धोक्यावर सारे लक्ष एकवटले असता दुसरा धोका नजरेआड होतो, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

विदेशी पर्यटकांसाठी व्हिसा १५ ऑक्टोबर २०२१ पासून प्रथम सनदी विमानांनी येणाऱ्यांना आणि १५ नोव्हेंबरपासून इतरांना मिळू लागला. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा तर २७ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. म्हणजे किल्ल्याचे दार उघडल्यानंतरही देशाचे दार जवळजवळ दीड वर्ष विदेशी पर्यटकास बंद होते. या अवधीत हिंदीत किल्ला दाखवणाऱ्या मार्गदर्शकाला थोडेफार काम मिळाले. फ्रेंच, स्पॅनिश किंवा इटालियन शिकण्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, त्यांचे कौशल्य मात्र पडून राहिले, कारण ते एकाच प्रकारच्या ग्राहकाला उपयोगी पडणारे होते. राजस्थानातील विदेशी पर्यटकांच्या भेटींनी २०१९ ची पातळी ओलांडली ती २०२३ मध्ये, सुमारे १७ लाखांवर पोहोचून. जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ विषयीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले तेही त्याच वर्षी, ५ मे रोजी.