दाद कोणी मागावी?

गेल्या शब्बाथानंतर आमच्या परिचयाच्या एक बाई कागद घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा ठाण्याचा भाचा दुबईत नोकरीस होता. थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी यांबद्दल त्याने तेथील मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार केली होती. त्यावरचा निर्णय त्यास मान्य नव्हता. "मास्तर, तुम्ही न्यायालयासाठी अर्ज लिहा, मी मावशी म्हणून सही करते," असे बाईंचे म्हणणे. मावशीची माया आम्ही जाणतो; परंतु त्या सहीस तेथे किंमत नाही, हे सांगणे आम्हांस भाग पडले.

मुंबईत वाढलेल्या आपल्या पिढीस हे चमत्कारिक वाटेल. १९८१ साली मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या हटविण्याचे ठरले, तेव्हा ऑल्गा टेलिस या पत्रकार बाई स्वतः झोपडीवासी नसूनही दोन पदपथवासीयांसह सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग होय, असे न्यायालयाने १९८५ साली म्हटले. (झोपड्या मात्र त्यामुळे वाचल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे.) दारिद्र्यामुळे ज्यास न्यायालयाची पायरी चढवत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने दाद मागावी, हे तत्त्व एस. पी. गुप्ता खटल्यात १९८१ च्या डिसेंबरातच मान्य झाले होते.

संयुक्त अरब अमिरातीतील रीत निराळी. दावा करणाऱ्याचा स्वतःचा, कायद्यास मान्य असा हितसंबंध असावा लागतो. कामगार संघटना तेथे नाहीत. तेव्हा तीही वाट बंद. १ जानेवारी २०२४ पासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या तंट्याचा निर्णय मंत्रालयच देऊ शकते. त्याविरुद्ध कामगार किंवा मालक, या दोघांपैकीच कोणी न्यायालयात जावे, आणि तेही निर्णय कळविल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत. आरंभी असे दावे अपील न्यायालयाकडे जात. ऑगस्ट २०२४ अखेरच्या दुरुस्तीपासून ते प्राथमिक न्यायालयाकडे जातात, व त्याचाच निकाल अंतिम ठरतो. एक लाख दिरहमपर्यंतच्या मागणीस कामगाराकडून न्यायालयीन शुल्क घेत नाहीत, हा मोठाच दिलासा. वकील नेमता येतो, पण दावा भाच्याच्याच नावाचा राहील. दुबईच्या वित्तकेंद्रातील कंपन्यांचा कायदा व न्यायालय वेगळे. त्यात आम्ही शिरत नाही, कारण भाच्याची कंपनी त्या हद्दीबाहेरची होती.

"निर्णय कोणत्या तारखेस कळविला?" असे आम्ही विचारले. बाईंस ठाऊक नव्हते. तेथूनच भाच्यास फोन लाविला. मावशी सर्व पाहत आहे, या भरवशावर तो स्वस्थ बसला होता! संदेशावरील तारीख त्याने वाचून दाखविली. शनिवार-रविवार वगळून आम्ही दिनदर्शिकेवर बोटे ठेवीत मोजले, तो अकरा दिवस उलटले होते. बाईंनी आमच्या हातून फोन घेतला आणि त्यास म्हणाल्या, "बाळा, उद्या सकाळीच तू स्वतः जा."