वेंगुर्ल्याचे खडक

वेंगुर्ले हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक जुने बंदर. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली होती. या बंदराकडे येणाऱ्या तांडेलांना वादळाइतकीच धास्ती वाटे ती वाटेतल्या एका खडकसमूहाची. गावाच्या वायव्येस सुमारे १४-१५ किलोमीटर अंतरावर भर समुद्रात लहानमोठ्या खडकांची एक रांग पसरली आहे. काही खडक चांगले उंच आहेत, तर काही पाण्याबाहेर जेमतेम डोके काढून असतात. आणि गलबताचा तळ फोडण्याचे काम बहुधा हे दुसऱ्या प्रकारचे खडकच करतात. इंग्रज खलाशांनी या समूहाला ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे ‘जळकी बेटे’, असे नाव दिले होते. एकोणिसाव्या शतकापासून येथे दीपगृह आहे.

दीपगृहाचा प्रकाश इतका दूरवर दिसतो, तेव्हा आतला दिवा राक्षसी आकाराचा असला पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः करामत दिव्यापेक्षा भिंगाची अधिक. साध्या दिव्याचा उजेड चहूकडे विखुरतो आणि बराचसा आकाशात वाया जातो. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या त्रिकोणी कडा एकात एक वर्तुळाकार बसवून असे भिंग तयार केले, की तो विखुरणारा प्रकाश वळून क्षितिजाला समांतर असा एकवटून जावा. १८२३ साली ते फ्रान्समधील एका दीपगृहात प्रथम वापरले गेले. असे भिंग फिरत ठेवले, की दूरच्या जहाजाला ठराविक अंतराने लखलखाट दिसतो. प्रत्येक दीपगृहाची ही लय निराळी ठेवतात. त्यामुळे नुसते सेकंद मोजून, आपण कोणत्या दीपगृहासमोर आहोत, हे खलाशाला अंधारातही ओळखता येते.

स्वच्छ हवेत या बेटांजवळून पूर्वेकडे पाहावे, तर निवतीचा किल्ला, त्याच्या पायथ्याची वाळू, माडांची काळपट हिरवी रेघ आणि तिच्यामागे सह्याद्रीची निळसर भिंत, असा देखावा दिसतो. पश्चिमेकडे मात्र पाण्यावाचून काही नाही. वाटेत कधी कधी डॉल्फिनची पाठ पाण्यावर येते आणि दिसेनाशी होते. आमच्या कोकणात त्याला ‘गादा’ म्हणतात.

परंतु या खडकांची खरी कीर्ती त्यांच्यातील गुहांमुळे आहे. लाटांच्या माऱ्याने कोरलेल्या या काळोख्या गुहांत भारतीय पाकोळी नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांची वसाहत आहे. तुमच्या गावातील जुन्या देवळाच्या छताला पिसे आणि काड्या चिकटवून घरटे करणारी पाकोळी तुम्ही पाहिली असेल. ही तिचीच एक भावकी. आकाराने ती चिमणीहूनही लहान. पाय इतके दुबळे, की फांदीवर बसणे तिला साधत नाही, फक्त उभ्या कातळाला ती लटकून राहते. दिवसभर हवेत उडत किडे टिपावे आणि संध्याकाळी गुहेत परतावे, हा तिचा क्रम.

अंधारात ती कातळावर आपटत कशी नाही? उडताना ती ‘टक् टक्’ असा भराभर आवाज करते. तो समोरच्या भिंतीवर आदळून परत येतो आणि त्या प्रतिध्वनीवरून भिंत किती दूर आहे, हे तिला कळते. वटवाघूळही हीच युक्ती योजते; पण त्याचा तो ध्वनी इतका उच्च असतो, की बहुधा आपल्याला ऐकू येत नाही. पाकोळीचा मात्र आपल्या कानांना स्पष्ट ऐकू येतो.

भर समुद्रातल्या गुहेत चिखल नाही, काड्या नाहीत. मग घरटे बांधावे कशाचे? विणीच्या दिवसांत हिच्या लाळेच्या ग्रंथी फुगतात. चिकट लाळेचे धागे ती कातळावर अर्धवर्तुळात पुनःपुन्हा ओढते, मधूनमधून पिसे गुंफते, आणि वाऱ्याने ते सुकून अर्ध्या वाटीसारखे कठीण घरटे तयार होते. त्यात दोन पांढरी अंडी असतात. एवढ्याशा जिवाने आपल्याच शरीरातून घर उभे करावे, याहून मोठे नवल मला पक्षिजगतात क्वचितच आढळले आहे.

दुर्दैवाने हेच घरटे तिच्या जिवावर उठले. पूर्व आशियात लाळेच्या घरट्यांचे सार मोठे मोलाचे मानले जाते आणि त्यासाठी घरट्यांना भारी किंमत येते. एरवी या ठिकाणी मांजर, मुंगूस पोहोचत नाही. तेथे माणूस पोहोचला. २००१ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते बेटावर गेले, तेव्हा गुहेत घरटी खरवडून काढण्यासाठी बांबूंची परांची उभारलेली त्यांना आढळली. खरवडताना अंडी आणि पिल्ले खाली पडून नष्ट होतात, हे सांगावयास नकोच. घरटे गेलेली मादी पुन्हा लाळ गाळून दुसरे बांधू पाहते, परंतु तोवर विणीचा काळ पुढे सरकलेला असतो. संस्थेने ही गोष्ट वनखात्याच्या आणि पोलिसांच्या कानावर घातली, चोरटे पकडले गेले, आणि पुढे या गुहांवर पहारा ठेवण्याचे काम सुरू झाले.

पाकोळ्यांखेरीज सुरय हे पक्षीही येथे येतात. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी या दोन्ही पक्ष्यांविषयीचा लेख १९४२ साली मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात लिहिला. लांब टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी, काळी टोपी घातल्यासारखे डोके आणि कपाळावर पांढरा पट्टा, असा एक सुरय येथे विशेष आढळतो. मृगाच्या सुमारास, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या जातात आणि खडकाकडे फिरकणे कोणालाही शक्य नसते, त्या दिवसांत तो कपारीत आपले एकुलते एक अंडे उबवीत असतो. बाहेर लाटा खडकावर फुटत असतात, वर दीपगृहाचा झोत पावसातून फिरत असतो. पाऊस सरला, की वाढलेली पिल्ले आईबापांसह खोल समुद्राकडे निघून जातात, आणि तेथे दमल्यावर वाहत आलेल्या एखाद्या ओंडक्यावर बसून विसावा घेतात.