पायथॉनच्या चलांना प्रकाराची जोड

आमच्या कांजूरमार्गांतील इमारतींत एका विधवा बाईंना पाण्याच्या वर्गणीचें बिल आलें, तें चोवीस हजार साठ रुपयांचें! बाई निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या. त्या दिवशीं त्यांच्या घशाखालीं घांस उतरला नाहीं. शेजारीं जुना गणिताचा मास्तर, म्हणून तो कागद मजकडे आला. पाहतों तों चालू वर्गणी २४० व मागील बाकी ६०. बेरीज ३०० हवी. हिशोबाचा प्रोग्राम एका होतकरू मुलानें पायथॉन भाषेंत लिहिला होता, आणि यंत्रानें २४० पुढें ६० चिकटवून २४०६० करून ठेविले होते.

यांत यंत्राचा अपराध नाहीं. कळफलकावरून आलेला मजकूर पायथॉन अक्षरें म्हणूनच घेते, आणि दोन अक्षरमालांमधील अधिक-चिन्हाचा अर्थ तेथें बेरीज नसून जोडणी असा आहे. सी भाषेंत चल वापरण्यापूर्वीं तो पूर्णांक कीं अपूर्णांक हें जाहीर करावें लागतें. १९९१ सालीं गिडो व्हान रॉसम यांनीं प्रसिद्ध केलेल्या पायथॉनमध्यें तें बंधन नाहीं. स्वयंपाकघरांतील डब्यांवर चिठ्ठ्या नसाव्या, आंत डाळ आहे कीं साखर हें झांकण उघडल्यावरच कळावें, तसा हा प्रकार. नवशिक्याला ही मोकळीक सुखाची वाटते खरी. पण प्रत्येक वेळीं झांकण उघडण्यांत वेळ जातो.

तो वेळ किती जड होतो, हें आमच्या शेजारीं पवईला पाहावें. १९५८ सालीं स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत विमानविद्येचे प्राध्यापक प्रभु रामचंद्रन यांची मंडळी द्रवाचें वर्तन गणितानें मांडतात. पाणी म्हणजे असंख्य कण असें मानून प्रत्येकावर शेजारच्या कणांचा परिणाम क्षणोक्षणीं मोजावयाचा! या 'पायएसपीएच' नामक कामांतून 'कंपाइल' हें जोडसाधन निघालें; आदित्य भोसले व रामचंद्रन यांनीं २०२० सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. रीत अशी, कीं 'ॲनोटेट' या शब्दानें फलाच्या माथ्यावर त्याला मिळणाऱ्या राशींचे प्रकार लिहावयाचे, आणि आंतील चलांसाठीं 'आय = डिक्लेअर(इंट)' अशा धर्तीची ओळ घालावयाची. मग हें साधन तोच मजकूर वाचून सी च्या वेगानें धांवणारा, किंवा चित्रसंस्कारक यंत्रावर चालणारा प्रोग्राम स्वतः लिहून देतें. मूळ भाषेच्या व्याकरणाला धक्का लागत नाहीं, कारण 'डिक्लेअर' हें पायथॉनचेंच एक साधें फल आहे. तोच प्रोग्राम साध्या पायथॉनमध्येंहि चालतो. मात्र भाषेचा मर्यादित भागच वापरावा लागतो. आणि ज्या चलाचा प्रकार सांगितला नाहीं, त्यास अपूर्णांक समजण्याचा त्यांचा रिवाज आहे. गणिताच्या वहींत मीं तो चालूं दिला नसता.

पायथॉननेंहि २०१५ पासून फलांना व २०१६ पासून चलांना प्रकाराची टीप जोडण्याची सोय केली आहे. परंतु प्रोग्राम चालवितांना भाषा स्वतः त्या टिपेची तपासणी करीत नाहीं. चूक दाखविण्यास 'मायपाय' सारखें निराळें साधन लागतें. त्या मुलानें चलांना पूर्णांकाची टीप जोडून तें चालविलें असतें, तर बाईंच्या दारीं तो कागद गेलाच नसता.

मुलानें वाचलेल्या अक्षरांचे पूर्णांक करून घेणारा एक शब्द दोन ठिकाणीं घातला. संध्याकाळीं मीं तीनशें रुपयांचें बिल बाईंच्या हातीं दिलें. त्यांनीं तें दोनदां वाचलें, आणि मग पदराची गांठ सोडली.