निवटीचं शिवार

जून-जुलैत खोल समुद्रातली मासेमारी बंद असते आणि पापलेट-सुरमईकडे बघवत नाही असे भाव चढलेले असतात. तेव्हा मुलुंड-भांडुपच्या बाजारात एखाद्या कोळणीपुढे झाकण घातलेलं टोप दिसतं. झाकण असतं, कारण आतला माल उडी मारून बाहेर येतो. ते जरा बाजूला केलं की राखाडी, बुळबुळीत, बोटाएवढे ते वीतभर मासे एकमेकांच्या अंगावर चढताना दिसतात. टोपात पाणी जेमतेम तळ ओला करण्यापुरतं, तरी सगळे जिवंत. डोळे पार टाळूवर, बेडकासारखे फुगीर. मधेच एक डोळा खोबणीत खाली जातो आणि ओला होऊन परत वर येतो. ही निवटी. कुठे तिला निवटा म्हणतात, आणि बाजारात बहुधा अनेकवचनातच तिचं नाव निघतं: निवट्या आल्यात.

जाणकार गिऱ्हाईक मेलेली निवटी घेत नाही. घरी आणल्यावर ती राखेत नाहीतर जाड्या मिठात घोळून चोळायची, म्हणजे अंगावरचा चिकट थर सुटतो. मग आलं-लसूण, घरचा मसाला, आंबटाला चिंच किंवा कैरी. पातळ कालवण झालं की भाताबरोबर दुसरं काही लागत नाही. कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन घरांत ही चव पिढ्यान् पिढ्या ओळखीची आहे. त्यांच्या शेजारच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या बहुतेकांनी मात्र या माशाचं नावही ऐकलेलं नसतं. खिडकीतून दिसणाऱ्या खाडीच्या चिखलात काही राहत असेल, हेच त्यांच्या मनात आलेलं नसतं.

विज्ञानाच्या दप्तरात मात्र या माशाची नोंद मुंबईच्या नावानेच झाली. ज्याँ-जाक द्युस्यूमिए हा बोर्दोचा जहाजमालक व्यापारी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो हिंदी महासागरात फेऱ्या मारायचा आणि प्रत्येक बंदरातले मासे मद्यार्कात घालून पॅरिसच्या संग्रहालयात पोहोचवायचा. तिथे प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए आणि त्याचा सहकारी वालाँसिएन जगभरच्या माशांचा महाग्रंथ लिहीत होते. कुव्हिए 1832 मध्ये गेला, वालाँसिएनने काम पुढे रेटलं. 1837 मध्ये निघालेल्या बाराव्या खंडात त्याने मुंबईहून आलेल्या या चिखलमाशाचं वर्णन केलं आणि पाठवणाऱ्याच्या सन्मानार्थ त्याला नाव दिलं बोलिऑफ्थॅल्मस दसुमिएरी. पहिल्या शब्दाचा अर्थ साधारणपणे ‘डोळे बाहेर फेकणारा’ असा होतो. टोपातल्या निवटीकडे एकदा पाहिलं की हे नाव पटतं.

खाडीत अशा चिखलमाशांच्या एकाहून अधिक जाती आहेत. तिवरांच्या मुळांवर चढून बसणारे, किडे आणि छोटे खेकडे टिपणारे लहान मासे पेरिऑफ्थॅल्मस गटातले. उघड्या, सपाट, पायाखाली मऊसूत लागणाऱ्या चिखलावर राज्य असतं ते बोलिऑफ्थॅल्मसचं, आणि टोपात येते ती मुख्यतः हीच. सगळे गोबी माशांचे भाऊबंद. गोबी म्हणजे तळाला चिकटून राहणारे मासे. त्यांचे पोटाखालचे पर एकत्र जुळून वाटीसारखे झालेले असतात आणि त्या वाटीने ते तळ धरून ठेवतात. निवटीचा तळ मात्र दिवसातून दोनदा उघडा पडतो. पाणी ओसरलं म्हणून तिने तळ सोडला नाही. तळावरच हवेत जगायला ती शिकली.

त्यासाठी तिच्या शरीरात जे बदल झाले, ते पाहण्यासारखे आहेत. कल्ल्यांच्या कप्प्यात ती पाण्याबरोबर हवाही धरून ठेवते, म्हणून चिखलावर बसलेल्या निवटीचे गाल टम्म फुगलेले दिसतात. ओल्या कातडीतूनही तिला प्राणवायू मिळतो. कातडीच्या अगदी वरच्या थरापर्यंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं पोहोचलेलं असतं. कातडी सुकली की हा मार्ग बंद. म्हणूनच ती मधूनमधून कुशीवर लोळून अंग ओलं करून घेते. डोळे मिटायला पापण्या नाहीत, तर ती अख्खा डोळाच खालच्या कातडीच्या वाटीत बुडवते. चिखलमाशांच्या एका आफ्रिकी जातीवरचं संशोधन 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातून असं दिसलं की हे डोळे मिचकावणं आपल्यासारखंच तीन कामं करतं: डोळा ओला ठेवणं, साफ करणं आणि इजेपासून वाचवणं. अश्रुग्रंथी नसताना.

भांडुपच्या उदंचन केंद्रामागे पक्षी पाहायला जाणाऱ्यांची दुर्बीण रोहित पक्ष्यांवर लागलेली असते. तीच दुर्बीण दहा मिनिटं जवळच्या चिखलावर धरावी. निवटी पुढच्या दोन परांवर, कुबड्यांवर चालावं तशी, अंग पुढे ढकलत येते. थांबते. मग तोंड चिखलाला टेकवून डोकं डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवते, विळ्याने गवत कापावं तसं. तिच्या मागे चिखलावर कमानीसारखे फिके पट्टे उमटत जातात. खालच्या जबड्याचे दात जवळजवळ आडवे असल्यामुळे चिखलावरची तपकिरी साय तेवढी निघते. ही साय म्हणजे डायटम, काचेसारख्या कवचातली एकपेशीय शैवालं. ओहोटीच्या उन्हात ती पृष्ठभागावर येऊन अन्न बनवतात. म्हणजे निवटी चरते. तिला शिकारी म्हणण्यापेक्षा गुराढोरांत बसवणं जास्त बरोबर. मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मुत्सद्दी आणि बाळ या संशोधकांनी याच जातीचं अन्न आणि तिचं प्रजनन यांवर 1969 आणि 1970 मध्ये सविस्तर लेख लिहिले. पुढे जगभरच्या अभ्यासकांनी त्यांचे दाखले घेतले.

चरणारी जनावरं असली की कुरणाच्या हद्दी आल्याच. निवटीच्या हद्दींचा सर्वांत सुंदर अभ्यास कुवेतच्या किनाऱ्यावर 1980च्या दशकात झाला. तिथला मासा आधी बोडार्टी नावाने नोंदला गेला होता, पुढे तो आपला दसुमिएरीच असल्याचं ठरलं. दाट वस्ती असेल तिथे प्रत्येक निवटी तोंडाने चिखल उचलून आपल्या बिळाभोवती बांध घालते. शेजारणीचा बांध आणि तिचा बांध एकच. वरून पाहिलं तर पाच-सहा बाजूंच्या वाफ्यांची नक्षी दिसते. बांधामुळे भांडणं कमी होतात, कारण शेजारी डोळ्यांआड राहतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे ओहोटीतही वाफ्यात पाण्याचा पातळ थर साचून राहतो. त्या ओलीत डायटम वाढतात, आणि चरणाऱ्या निवटीची कातडीही ओली राहते. भातखाचराला बांध का घालतात हे ज्याने पाहिलंय, त्याला यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही. बांध फोडून आत शिरणाऱ्याला मात्र माफी नाही. मालक पाठीवरचा लांब काट्यांचा पर उभारतो, तोंड वासतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर अंगावर जातो.

वाफ्याच्या मध्यावर बीळ, हातभर किंवा त्याहूनही खोल. भरती आली, बगळा उतरला, ऊन चढलं की निवटी तिथे शिरते. अंडीही तिथेच, आणि इथे एक मोठी अडचण होती. चिखलात वीतभर खाली गेलं की प्राणवायू जवळजवळ नसतोच; काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल त्याचीच खूण. अशा पाण्यात अंडी गुदमरून मेली पाहिजेत. जपानी शास्त्रज्ञ आत्सुशी इशिमात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा पाठलाग केला. 1998 मध्ये त्यांनी मलेशियातल्या एका मोठ्या चिखलमाशाबद्दल दाखवून दिलं की तो तोंडात हवा भरून बिळात नेऊन सोडतो. जपानातल्या लहान चिखलमाशाच्या बिळात एक वर वळलेली कोठडी असते. तिच्या छतावर अंडी चिकटवलेली असतात आणि नर ओहोटीभर घास घास हवा आणून ती कोठडी भरलेली ठेवतो. अंडी पाण्यात नाहीत, पाण्याखालच्या हवेत वाढतात. फुटायची वेळ आली की रात्रीच्या भरतीला तोच नर तीच हवा तोंडाने बाहेर काढून टाकतो, कोठडीत पाणी शिरतं आणि पिल्लं बाहेर पडतात. हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. बाप म्हणून या माशाची जबाबदारी समजून घेतली की चिखलातल्या एका साध्या भोकाकडे पाहण्याची नजर बदलते.

ही भोकं कोळ्यांना वाचता येतात. ओहोटीला, कोळी ज्याला सुकती म्हणतात तेव्हा, मांडीभर चिखलात उतरायचं. बिळाला बहुधा दोन तोंडं असतात. एकावर पाय रोवायचा, दुसऱ्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. बोटांना बुळबुळीत अंग लागलं की घट्ट धरायचं, कारण दुसरी संधी नसते. शिंपल्यांच्या धारेने हात कापतात. अलीकडे काचा, सुया आणि प्लास्टिकही लागतं. ऐरोली-विटाव्यापासून भांडुप-कांजूरपर्यंत आणि पश्चिमेला गोराई-मनोरी, मालाडच्या खाडीवर हे काम चालत आलं. बोट लागत नाही, डिझेल लागत नाही, जाळंही लागेलच असं नाही. बोट नसलेल्या घरांना पावसाळ्यात हातात पैसा देणारी ही मासळी आहे, आणि म्हणून खाडी बिघडली की तिची झळ सर्वांत आधी याच घरांना बसते.

निवटी घरी पाळता येते का, हा प्रश्न शोभेच्या माशांचा नाद असलेल्यांना पडतोच. कुर्ल्याच्या बाजारापर्यंत पोहोचलेले शौकीन तर विचारतातच. पेरिऑफ्थॅल्मसच्या लहान जाती जमतात, पण काचेची पेटी पाण्याने काठोकाठ भरून नव्हे. पेटी उंच असण्यापेक्षा पसरट हवी. निम्म्याहून जास्त भाग उताराच्या वाळू-चिखलाचा, उरलेल्यात मचूळ पाणी. तेही जेवणातलं मीठ टाकून नव्हे, मत्स्यालयांसाठी मिळणाऱ्या सागरी मिठाने केलेलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन आधी घालवायचं. वर घट्ट झाकण, म्हणजे आतली हवा दमट आणि उबदार राहते आणि मासा काचेवरून चढून पळत नाही. एका पेटीत दोन नर ठेवले की मारामारी ठरलेली. बाजारातली आपली निवटी मात्र पेटीत नेऊच नये. तिला लागतं ऊन खाऊन वाढलेलं डायटमचं कुरण, आणि दाणे टाकून ते होत नाही. फुगलेले डोळे दिवसेंदिवस खोल जातात आणि ती उपासमारीने मरते.

तैवानमधल्या शेतकऱ्यांनी हे नेमकं ओळखलं. तिथे निवटीची जपानी-चिनी बहीण तळ्यांत वाढवतात. तळं आधी उपसून उन्हात सुकवतात, तांदळाचा कोंडा वगैरे खत टाकतात, मग जेमतेम बुडेल एवढं पाणी सोडतात. डायटमची साय धरली की मासे सोडायचे. साय विरळ झाली की पुन्हा तेच. तिथे माशापेक्षा चिखलाची मशागत जास्त करावी लागते.

हीच बहीण जपानच्या आरिआके समुद्रात मुत्सुगोरो या नावाने लाडकी आहे. लोक लाकडी फळीवर गुडघा टेकवून चिखलावर घसरत जातात आणि लांब काठीच्या गळाने तिला लांबूनच अचूक अडकवतात. भाजून, गोडसर रस लावून खातात. त्याच समुद्राच्या इसाहाया आखातात शेतजमिनीसाठी आणि पूर अडवण्यासाठी सुमारे 7 किलोमीटरचा बांध घातला गेला. 14 एप्रिल 1997 रोजी 293 पोलादी पत्रे ओळीने पाण्यात कोसळताना देशभर लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. आतला चिखल सुकून भेगाळला. त्याच्या आदल्या वर्षी मुत्सुगोरोच्याच नावाने न्यायालयात दावा दाखल झाला होता. त्याने काम थांबलं नाही, पण त्या माशाचा चेहरा पुढच्या सगळ्या लढ्याचा चेहरा झाला.

मुंबईत गाजला तो दावा चिखलासाठी नव्हता. झाडांसाठी होता, आणि त्या आडोशाला चिखल थोडाफार वाचला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये खारफुटी तोडण्यावर आणि तिथे भराव टाकण्यावर बंदी आणली. सप्टेंबर 2018 च्या निकालात तर खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला असल्याचं म्हटलं आणि भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं. राज्याचा कांदळवन कक्ष 2012 पासून काम करतो. विक्रोळीत गोदरेजच्या जमिनीवरचं कांदळवन 1985 पासून अभ्यासकेंद्रासह सांभाळलं गेलंय. ठाणे खाडीतलं सुमारे 17 चौरस किलोमीटरचं क्षेत्र 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं.

हे सगळं मोलाचं आहे. तरी एक उणीव राहते. हिरवं दिसतं त्यालाच आपण जपण्याजोगं मानतो, आणि तिवरांच्या पुढचा उघडा, करडा पट्टा मोकळी जागा समजली जाते. निवटीचं कुरण नेमकं तिथे आहे. चिखलावर तिवरं लावली की छायाचित्र छान येतं, पण सावलीत डायटम धरत नाहीत. राडारोड्याचा एक डंपर रात्रीत रिकामा झाला की वाफे गाडले जातात. बांधामुळे भरती अडली की चिखल कडक होतो आणि बीळ खणता येत नाही. वर्सोव्यापासून भाईंदरपर्यंतच्या किनारी रस्त्याची चर्चा हजारो झाडांच्या आकड्याभोवती फिरते. त्या आखणीखाली उघडा चिखल किती जातो, हेही तितक्याच जोराने विचारलं गेलं पाहिजे. निवटीला तर भरती-ओहोटीची ये-जा, विषारी नसलेला गाळ आणि ऊन, एवढंच हवं असतं.

भांडुपच्या बाजूला दुपारी पाणी चढायला लागतं, तेव्हा खालच्या अंगाच्या वाफ्यांत आधी ओल येते, मग बांधांच्या कडा विरघळतात. चरणाऱ्या निवट्या एकेक करून बिळाच्या तोंडाशी सरकतात. एखादी शेवटपर्यंत बाहेर थांबते, फुटलेल्या बांधावर तोंडाने आणखी एक गोळा ठेवते, मग गाल फुगवून हवा भरून घेते आणि खाली जाते. पाण्यावर दोन-तीन बुडबुडे येतात.